माफी मालक देतो

(शिवडीतल्या एका बुद्धविहारात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून छापायला दिलं आहे.)



मला सांगण्यात आलं होतं की ‘कामगार आणि कविता’ यावर बोल. मी गोदीत काम करतो, कविता लिहितो, दहावी पास आहे, म्हणजे विषय आयताच. पण कामगारावर बोलताना आपण गेटपर्यंतच बोलतो. पाळी सुटल्यावर तो कुठे जातो, कुणाजवळ झोपतो, त्याची बायको त्याच्याबद्दल काय म्हणते, हे आपल्या भाषणात कधी येत नाही. घर म्हटलं की क्रांती चपला बाहेर काढून गप्प बसते. म्हणून मी आज नवरा-बायकोवर बोलणार. त्यातही त्या गोष्टीवर, जिला आपल्याकडे साधा शब्द नाही. ‘व्यभिचार’ म्हटलं की कोर्ट येतं, ‘लफडं’ म्हटलं की नाका येतो, ‘भानगड’ म्हटलं की शेजारीण येते. दोघांतलं एक माणूस मध्येच तिसऱ्याकडे गेलं, एवढंच मला म्हणायचं आहे. आमच्या घरात हे झालं. गेली ती माझी बायको.

पुढे बसलेल्या काहींच्या माना खाली गेल्या, मला दिसलं. मान वर करा. मी हे तिला विचारून बोलतोय. तिने दोन गोष्टी गाळायला सांगितल्या, त्या गाळल्या आहेत. तो माणूस कोण, हेही मी सांगणार नाही. ज्याला तेवढंच ऐकायचं आहे, त्याने बाहेर जाऊन चहा प्यावा.

आमचं लग्न झालं तेव्हा मी बावीसचा, ती वीसची. वीस-पंचवीस माणसांत, विहारात, पांढरी वस्त्रं घालून. दोन वर्षं ओळखत होतो एकमेकांना. तिला चारचौघांत मला ‘अहो’ म्हणायचा कंटाळा, घरात ‘अरे’ म्हणते. ती कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला जाते. मी गोदीत. माझे आजोबा डॉक लेबर बोर्डाचे कामगार होते. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने त्यांच्या पिढीला हजेरी दिली, ठरलेली पाळी दिली, रिकाम्या दिवसाचेही काही पैसे दिले. मी कंत्राटी. जहाज लागलं तर काम, नाहीतर यलो गेटच्या बाहेर मुकादमाच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. आणि लागलं की असं लागतं की डबल पाळी, कधी त्यालाच जोडून तिसरी. स्टीलच्या कॉइल. घरी येतो तो नवरा नसतो, मढं असतं. ते जेवतं, झोपतं, उठतं, जातं. कंत्राटदार जहाजाच्या एकेका तासाचे पैसे मोजतो. माझं घर किती तास रिकामं राहिलं, ते कुणाच्या वहीत लिहिलेलं नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. डबल पाळी करणाऱ्या सगळ्यांच्या बायका जात नाहीत. तिनेही ही सबब पुढे केली नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री तिने मला बसवलं आणि सांगितलं. तीन महिने चाललं होतं, आता संपलंय, मी संपवलंय. कुणी पकडलं नव्हतं तिला. चिठ्ठी सापडली नव्हती की मोबाईल. ती स्वतः बोलली. म्हणाली, ‘‘तुझ्याजवळ झोपताना मला खोटं वाटतं, म्हणून सांगते.’’

मला काय झालं ते सांगतो, कारण आपल्या कवितेत पुरुषाला नुसता राग येतो. मला उलटी आली. मोरीत जाऊन ओकलो. मग आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. हात उठला नाही. त्यासाठी मला हार घालू नका. माझ्या आईवर उठलेला हात मी लहानपणी जवळून पाहिला आहे, तो हात मला माझ्या खांद्याला लावून घ्यायचा नव्हता, इतकंच.

खोली दहा बाय दहाची. आठ दिवस नवरा-बायको बोलत नाहीत हे भिंतीला कळतं, आणि आपल्याकडे भिंत म्हणजे पत्रा. बातमी फुटली. रविवारी चार माणसं घरी आली. आपलीच. घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली, चौदा एप्रिलला निळं उपरणं घालून पुढे नाचणारी. बसली, पाणी प्याली आणि पहिला प्रश्न मला विचारला, ‘‘पोरा, तो आपल्यातला का परका?’’

ऐकलंत? तिला काय झालं, तुला काय झालं, हे नाही. त्याची जात. जणू आपल्यातला असता तर माल घरातल्या घरात राहिला, आणि परका असला तर गोदीतून चोरी झाली. दुसरा प्रश्न, ‘‘पोटात काय आहे का तिच्या?’’ तिसरा प्रश्न नव्हता, तो निकाल होता, ‘‘बांगड्या भर, नाहीतर घालव तिला.’’ ती चुलीपाशी उभी होती. तिला कुणी काहीच विचारलं नाही. मालाला कुणी विचारतं का?

आणि त्याच महिन्यात आमच्या गँगमधला एकजण दुसरीकडे बिऱ्हाड करून राहिला होता. लग्नाची बायको, दोन पोरं इकडे, दुसरी तिकडे. हीच चार माणसं त्याच्याकडेही गेली होती. त्याच्या बायकोला सांगून आली, ‘‘बाई, पुरुषाची जात. सांभाळून घे. प्रेमाने वळव.’’ तिथे प्रेम आठवलं. तिथे कुणी बांगड्या काढल्या नाहीत.

त्या रात्री मी बाबासाहेबांचा एक निबंध पुन्हा काढला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी वाचलेला, भारतातल्या जातींवरचा. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याएवढे. त्यात ते सांगतात की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. आणि ते टिकवायला बाईवर पहारा लागतो. नवरा मेला तर तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा, आणि पोरीचं मन कुणावर बसायच्या आधीच तिचं लग्न उरका. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही गोष्टी एकाच कुलपाच्या चाव्या. मी हे पूर्वीही वाचलं होतं. पण तेव्हा वाटलं होतं, हे त्यांच्या वाड्यातलं आहे, भटाबामणाचं. त्या रविवारी कळलं की तो पहारेकरी आपल्या पत्र्याच्या खोलीतही येतो. येतो, पाणी पितो आणि विचारतो, आपल्यातला का परका.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय बघा. नवऱ्याला डावलून दुसऱ्याकडे गेलेल्या बाईला भर चौकात कुत्र्यांकडून फाडवा म्हणतो. द्विजाच्या बाईकडे गेलेल्या शूद्राचे अवयव छाटा, जीव घ्या म्हणतो. आणि ब्राह्मणाने कुठलंही पाप केलं तरी त्याला मारू नका म्हणतो. गुन्हा एकच, शिक्षा जातीप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो. मग त्यातला आठवा अध्याय आपल्या तोंडात कसा शिल्लक राहिला?

बरं, मनू जुना. इंग्रजाचा कायदा घ्या. १८६० च्या दंडसंहितेत कलम ४९७ होतं. काय होतं ते? एका पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर पाच वर्षांपर्यंत कैद, पण त्या दुसऱ्याची संमती नसेल तरच. म्हणजे नवऱ्याने परवानगी दिली की गुन्हाच नाही! तक्रार करायची तर नवऱ्याने. बायकोचा नवरा बाहेर गेला तर या कलमाखाली तिला तक्रारही करता येत नव्हती. हे बाईचं रक्षण नव्हतं, ही मालाची पावती होती. १९५४ ला सुप्रीम कोर्टाने हे कलम उचलून धरलं. ते मोडायला २७ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं आणि बजावलं की नवरा हा बायकोचा मालक नाही. तारीख लक्षात ठेवा. २७ सप्टेंबर. १९५१ साली याच तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा लिहिला होता. हिंदू कोड बिलाचा गळा घोटला गेला, हे त्यातलं मोठं कारण. त्या बिलात एकपत्नीत्व होतं, घटस्फोट होता, बाईला वारसा होता. बायको मालकीची नाही, हे तेव्हाच म्हटलं होतं त्या माणसाने. देशाला सदुसष्ट वर्षं लागली.

आता एकमेकांना सोडून दुसरीकडे जाणं हा फौजदारी गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण मात्र आहे, नवऱ्यालाही आणि बायकोलाही. पण अजून एक मेख शिल्लक आहे. नवा फौजदारी कायदा आला, १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तरी व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही हे कलम त्यात तसंच उतरलं. पुरुष गेला तर त्याची अब्रू जाते, तीही चार दिवस. बाई गेली तर भाकरी जाते.

मैत्रिणींनो, तुम्ही आता म्हणाल की हा बायकोची वकिली करतोय. थांबा. मला दुखलं. आजही दुखतं. हॅचमध्ये उतरलेलो असताना मध्येच आठवतं आणि हात सैल पडतो. तिने केलं ते मला चांगलं वाटत नाही आणि तिलाही वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात व्यभिचार करणार नाही ही एक आहे. पंचशीलातलं तिसरं शीलही तेच सांगतं. मी ते नाकारत नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, त्या मैदानात बाया आणि पुरुष एकाच तोंडाने बोलले. बायांची प्रतिज्ञा वेगळी आणि पुरुषांची पातळ, असं नव्हतं. दोन, शील माणूस स्वतः घेतो, स्वतःवर. ते दुसऱ्याच्या घरावर घालायची धाड नाही. ती चार माणसं शील घेऊन आली नव्हती, मनूचं वॉरंट घेऊन आली होती.

आणि आपल्या आज्या-पणज्यांचं काय? आपल्या जातीत काडीमोड होता, पाट होता. नाही पटलं तर बाई उठून जात होती, दुसरं घर करत होती, आणि जग बुडत नव्हतं. वरच्या जाती त्यालाच हलकं म्हणायच्या. मग आपण शिकलो, सुधारलो, आणि सुधारणा म्हणून काय उचललं तर त्यांचा सोवळा पदर. तो आपल्या बायकांच्या डोक्यावर घातला आणि त्याला इभ्रत म्हणालो.

आता आपल्या चळवळीच्या घरात या. १९७२ ला पँथर उभी राहिली. त्याच सुमारास ‘गोलपिठा’ आला. नामदेव ढसाळांनी मराठी कवितेची कातडी सोलली. मी कवितेत आलो तो त्या पुस्तकामुळे, हे मी कुठेही सांगेन. त्यांची बायको मल्लिका अमर शेख. शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री. लग्नात अगदी कोवळी पोर. १९८४ ला तिचं आत्मचरित्र आलं, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. त्यात तिने सगळं लिहिलं. नवऱ्याचं बाहेर जाणं, तिथून घरात आलेला रोग, मार, एकटेपण, आणि या सगळ्यातून न मेलेलं प्रेमसुद्धा. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

मला विचारतात, कुणाच्या बाजूचा तू? कवीच्या का बाईच्या? हा प्रश्नच चोर आहे. ‘गोलपिठा’ मोठं पुस्तक आहे आणि मल्लिकाताईंचं पुस्तक खरं पुस्तक आहे. दोन्ही आपल्याच घरातली आहेत. एक वाचून दुसरं लपवणाऱ्याला यातलं एकही कळलेलं नाही. त्या पुस्तकानंतरही ती दोघं पुढे एकत्र राहिली. नामदेवदादांचं आजारपण आलं, १५ जानेवारी २०१४ ला ते गेले. का राहिली ती? ते तिचं उत्तर आहे, ते आपण तिच्या तोंडात घालायचं नाही. ‘बघा, प्रेमाने सगळं टिकतं’ असं म्हणून तिच्या सोसण्याची आपण पोस्टरं छापू नयेत. आणि ‘मूर्ख बाई’ म्हणून तिला हिणवूही नये. तिने लिहून ठेवलं आहे. आपलं काम वाचायचं. मी ते पुस्तक बायकोला वाचून दाखवलं, त्या आठ दिवसांनंतर. रोज थोडं. आमच्यात पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं.

एका रात्री मी तिला म्हणालो, ‘‘मी तुला माफ केलं.’’ मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, ‘‘माफ करू नकोस. माफी मालक देतो. तुला राहायचं असेल तर राहा. जायचं असेल तर जा. मीपण तेच करीन.’’

मित्रांनो, नागपूरला २० जुलै १९४२ ला बाबासाहेबांनी आपल्या बायांच्या परिषदेत सांगितलं होतं की लग्न केलेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. मी ते भाषण सभेत किती वेळा सांगितलं असेल. ते माझ्याच खोलीत, दिवा मालवल्यावर, माझ्याविरुद्ध उभं राहील असं वाटलं नव्हतं. पण ते असंच उभं राहायला हवं. नाहीतर ते भाषण कशाला?

मग आम्ही राहिलो. कसे राहिलो ते सांगतो, कारण ‘प्रेमाने राहिलो’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. आधी तिचं बँकेतलं खातं वेगळं केलं. खोलीच्या भाडेचिठ्ठीवर दोघांचं नाव टाकून घेतलं. तिला उद्या जावंसं वाटलं तर रस्त्यावर पडायची वेळ येऊ नये म्हणून. हसू नका. बायकोला जायची सोय करून देणं म्हणजे काय, असं मलाही विचारलं गेलं. अरे, जिला जाताच येत नाही तिचं राहणं म्हणजे प्रेम कसं? ती कैद. दार उघडं आहे आणि तरी माणूस आत आहे, तेव्हाच ते घर. मग ठरलं की भांडणात ते प्रकरण काढायचं नाही. विचारायचं असेल तर शांतपणे विचारायचं आणि विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं. हे दोघांनाही लागू.

विश्वास लगेच येत नाही. गोदीतल्या माणसाला हे समजेल. विंचमनला हॅचच्या तळातलं दिसत नाही. वर उभा सिग्नल देणारा हात करतो, त्या हातावर तो वजन सोडतो. खाली माणसं असतात. एकदा हात चुकला तर? दुसऱ्या दिवशी तोच माणूस तिथे उभा असतो आणि विंचमनला त्याच हाताकडे बघावं लागतं. तो काय करतो? हळू सोडतो. बोटबोट सोडतो. आमची दोन वर्षं अशी बोटबोट गेली. आता फोन वाजला की पोटात गोळा येत नाही. क्वचित येतो. ती ओळखते, म्हणते, ‘‘ये, बस.’’ मी बसतो.

मी तिच्यासाठी लिहिलेली एक छोटी कविता आहे. तिने वाचून ‘बरी आहे’ म्हटलं, म्हणून वाचतो.

तू माझी नाहीस, हे मला उशिरा कळलं,
आणि त्या दिवसापासून
तू घरी आलीस की
कुणीतरी आलंय असं वाटतं.
आधी वाटायचं,
भांडं जागेवर आहे.

पण एक गोष्ट बजावून सांगतो, नाहीतर माझं हे भाषण कुणीतरी बायकांच्याच पायात बेडी म्हणून वापरेल. मी ‘राहा’ असं सांगायला आलेलो नाही. आमच्यात मार नव्हता, दारू नव्हती, आणि तिने खोटं ओढत नेलं नाही. जिथे माणूस बाहेरही जातो, खोटंही बोलतो आणि वर मारतोही, तिथल्या बाईने उठावं, पोरं घ्यावीत, चालू पडावं, आणि आपण तिचं सामान उचलायला जावं. गँगमधल्या त्या बायकोला शेवटी माझ्या बायकोनेच माहेरी पोचवलं. ‘प्रेमाने वळव’ हे त्या चार माणसांचं वाक्य तिने तिच्या डोक्यातून काढलं, त्याला सहा महिने लागले. टिकणं म्हणजे विजय नाही आणि मोडणं म्हणजे हार नाही. टिकलं तर दोघांच्या मर्जीने टिकावं आणि मोडलं तर दोघं माणूस म्हणून शिल्लक राहावीत.

तेव्हा माझी तुमच्याकडे मागणी आहे. आपल्या वस्तीत, आपल्या मंडळात असं प्रकरण आलं तर चार पुरुष घरात घुसू देऊ नका. जायचंच असेल तर निम्म्या बाया असू द्या, आणि पहिला प्रश्न बाईला विचारा. विचारा, तुला मार आहे का? तुझ्याजवळ तुझे पैसे आहेत का? तुला काय करायचं आहे? तिसऱ्या माणसाची जात विचारणाऱ्याला तिथल्या तिथे दाराबाहेर काढा, मग तो वयाने कितीही मोठा असो. आणि जो नियम बायकोला, तोच नवऱ्याला. कार्यकर्त्याला, कवीला, पुढाऱ्याला, मलासुद्धा.

गेटवर आपण म्हणतो की मालकशाही मुर्दाबाद. ते म्हणून झालं की घरी जा आणि तिथेही एकदा म्हणून बघा.

जयभीम.